४ ऑगस्ट १९२३ : कायदे कौन्सिलातील एक दिवस

ज्ञातिसभेच्या वार्षिक अंकासाठी लेखणी हाती घेतली म्हणजे आमच्यापुढे प्रतिवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. ज्ञातीतील थोर पुरुषांचे गोडवे गावेत, की त्यांच्या कार्याचा हिशेब मांडावा? गोडवे गाणे सोपे असते आणि वाचणारासही ते रुचते. हिशेब मांडू लागले म्हणजे मात्र जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही लिहावी लागते. यंदा आम्ही हा दुसरा मार्ग पत्करला आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा, अशी आमची प्रारंभीच विनंती आहे.

आपल्या भंडारी ज्ञातीत जन्मलेले रावबहादुर सीताराम केशव बोले यांचे नाव ठाऊक नाही असा ज्ञातिबांधव विरळा. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, भाषणांतून त्यांचा उल्लेख करतो, आणि 'बोले ठराव' हा शब्दप्रयोगही आपल्या ओठांवर असतो. परंतु तो ठराव नेमका काय होता, तो कोठे व कसा मंजूर झाला, आणि मंजूर झाल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे विचारले असता आपल्यापैकी बहुतेकांस थांबावे लागेल. शनिवार, ता. ४ ऑगस्ट १९२३ या एका दिवसाची ती हकीकत आहे. ती नीट समजून घेण्यात आपल्या सर्वांचे हित आहे, कारण तिचा शेवट त्या दिवशी झाला नाही.

कौन्सिलचे स्वरूप

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये मुंबई इलाख्याचे नवे कायदे कौन्सिल १९२१ च्या आरंभी कामास लागले. हा इलाखा आजच्या महाराष्ट्राहून पुष्कळच निराळा होता. सिंध, गुजरात, खानदेश, देश, कोकण आणि कर्नाटकाचा काही भाग इतका विस्तीर्ण मुलूख त्यात मोडत असे. कौन्सिलच्या सभासदांची संख्या १११ ठरली होती. त्यांपैकी निदान शेकडा ७० लोकांनी निवडून दिलेले असावेत, आणि सरकारी अधिकारी शेकडा २० हून अधिक नसावेत, असे बंधन कायद्यानेच घातले होते. परंतु 'लोकांनी निवडून दिलेले' या शब्दांनी कोणी फसू नये. मताचा अधिकार मालमत्तेवर आणि कराच्या भरण्यावर अवलंबून होता. जमीन कसणारा कूळ, गिरणीतील मजूर, माडावर चढणारा माडकरी यांपैकी फारच थोड्यांस तो पोचला होता.

मराठा व तत्सम ज्ञातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हटले जाई, त्या वर्गांना मात्र निवडून येण्याची वाटच नव्हती. त्यांच्या वतीने बोलण्यास सरकारने नेमलेला एक सभासद असे. त्या जागेवर 'मूकनायका'चे एके काळचे संपादक ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांची नेमणूक झाली होती. एवढ्या मोठ्या सभागृहात लाखो लोकांच्या तहानेविषयी बोलण्यास त्यांच्यातील एक माणूस, ही त्या वेळची स्थिती होती.

या नव्या व्यवस्थेत कारभाराचे दोन वाटे केले होते. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती 'सोपीव' म्हणून हिंदी मंत्र्यांच्या हाती दिली होती. पोलीस, न्याय, जमीनमहसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नर व त्यांचे कार्यकारी मंडळ यांनी स्वतःकडे ठेविली होती. शिक्षणखाते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे होते. प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती देणारा कायदा १९२३ सालचाच. काँग्रेसने असहकारितेच्या धोरणामुळे १९२० च्या निवडणुकांवर बहिष्कार घातला असल्याने या पहिल्या कौन्सिलात नेमस्त पक्षाचे, ब्राह्मणेतर पक्षाचे आणि स्वतंत्र वृत्तीचे सभासद यांचाच भरणा होता. १९२३ च्या अखेरीस नव्या निवडणुका व्हावयाच्या होत्या. म्हणजे बोल्यांचा ठराव आला तो या पहिल्या कौन्सिलाच्या आयुष्याच्या सायंकाळी.

ठराव आणि कायदा

येथे एक भेद वाचकांनी मनात पक्का धरावा, कारण पुढील सर्व हकीकत त्याच्यावर उभी आहे. कायदे कौन्सिलात दोन प्रकारची कामे चालत. पहिला प्रकार विधेयकाचा. विधेयक मांडले जाई, त्याची वाचने होत, कलमावार चर्चा होई, मते पडत, आणि गव्हर्नर व गव्हर्नर जनरल यांची संमती मिळाली म्हणजे त्याचा कायदा होई. कायदा मोडणारास शिक्षा असते. दुसरा प्रकार ठरावाचा. ठराव कितीही मोठ्या बहुमताने संमत झाला तरी तो सरकारास केलेली एक शिफारस असे. सरकारने ती मानावी अथवा मानू नये. आणि मानली, तरी ती मोडणारास दंड नाही.

बोल्यांनी आणला तो ठराव होता. त्यांनी विधेयक का आणले नाही, असे आज कोणी विचारील. खाजगी सभासदाचे विधेयक त्या काळी दगडातून पाणी काढण्यासारखे कठीण होते. ठरावाच्या द्वारे निदान सभागृहाचे मत नोंदवून घेता येत असे, आणि एकदा मत नोंदले गेले की सरकारास 'लोकांची तयारी नाही' या सबबीआड दडण्यास जागा उरत नसे. इंग्रज सरकारची ही सबब जुनी होती. सामाजिक बाबतीत आम्ही तटस्थ आहोत, लोकांच्या रूढींत हात घालणार नाही, असे सांगून त्याने अनेक दशके काढली होती. आता लोकांच्याच प्रतिनिधींनी रूढीविरुद्ध मत दिले, तर तटस्थतेचा आधार कोठे राहिला?

या ठरावापूर्वी पाण्याचा हा प्रश्न कोणी हाती घेतलाच नव्हता, असे मात्र नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यास आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन करून या वर्गांच्या शिक्षणाचे व्रत घेतले. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली आपल्या संस्थानातील सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. परंतु फुल्यांचा हौद त्यांचा स्वतःचा होता, आणि छत्रपतींचा शब्द त्यांच्या राज्यात हुकूम होता. इंग्रजी मुलखातील हजारो विहिरींस ना फुले धनी होते, ना छत्रपती. तेथे सभागृहातील मतांखेरीज दुसरा सनदशीर उपाय नव्हता.

बोले कोण होते

रावबहादुर बोले मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या चळवळींतील पुढारी. १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्याच्याही आधीची, १९०७ सालची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलातून एका महार सुभेदाराचा मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. त्या सभेचे अध्यक्षस्थान बोल्यांनी स्वीकारले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. तो मुलगा म्हणजे पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. सोळा वर्षांनी त्याच अध्यक्षांनी कौन्सिलात ठराव मांडला, आणि वीस वर्षांनी त्या मुलाने तो ठराव हाती घेऊन महाडचे तळे गाठले. या दोघांचा संबंध असा जुना होता.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आपल्या ज्ञातीची स्वतःची गाऱ्हाणी त्या काळी काही कमी नव्हती. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडी काढण्याचा आपला परंपरागत धंदा सरकारी परवान्याच्या व कराच्या कचाट्यात सापडला होता, आणि किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबे पिढीजात धंदा सोडून मुंबईच्या वाटेला लागली होती. कौन्सिलात आपला माणूस गेला आहे तर त्याने आधी आपल्या ज्ञातीचे पाहावे, असे म्हणणारे त्या वेळीही असतील, आजही असतात. बोल्यांचे नाव इतिहासात राहिले ते मात्र ज्यांच्याशी त्यांचे ज्ञातीचे नाते नव्हते, अशा लोकांसाठी मांडलेल्या ठरावामुळे. आपला म्हणून आपण त्यांचा अभिमान धरतो, तो त्यांनी परक्यांसाठी केलेल्या कार्याबद्दल. हा विरोध नीट लक्षात घेतला तर ज्ञातिसभांनी कोणत्या वाटेने जावे याचे उत्तर त्यातच सापडेल, असे आम्हांस वाटते.

ठरावाचे शब्द

ठराव थोडक्या शब्दांचा होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेली सर्व पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांस मुभा असावी, अशी त्यात शिफारस होती.

हे शब्द कोणा भाबड्या माणसाने लिहिलेले नाहीत. त्यात खाजगी विहिरीचा उल्लेख नाही. देवळांचाही नाही. ज्या ठिकाणी सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे, तेवढ्याच ठिकाणापुरता दावा मर्यादित ठेविला आहे. कराचा पैसा देताना महाराचा रुपया विटाळत नाही. मग त्या रुपयातून खणलेल्या विहिरीचे पाणी त्याच्या स्पर्शाने कसे विटाळते, हा प्रश्न त्या शब्दरचनेत दडलेला आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर नव्हते. धर्माच्या वादात न शिरता नागरिकत्वाच्या पायावर उभे राहण्याची ही युक्ती होती.

यादीतील प्रत्येक स्थळ अनुभवातून आलेले आहे. शाळेत अस्पृश्यांच्या मुलांनी बाहेर ओसरीवर वा निराळ्या तरटावर बसावे, तहान लागल्यास दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतीपर्यंत वाट पाहावी, हा सर्रास शिरस्ता होता. न्याय मागावयाचा तर उंबऱ्याबाहेरून मागावा, औषध घ्यावयाचे तर दुरून घ्यावे, कचेरीतील कागद जमिनीवरून उचलावा, अशी रीत. तेव्हा विहिरीपाठोपाठ शाळा, न्यायालय, कचेरी, दवाखाना ही नावे आली, ती उगीच नव्हेत. शाळा व दवाखाने सोपीव खात्यांतील आणि न्यायालये राखीव खात्यातील. म्हणजे सरकारच्या दोन्ही वाट्यांस हा एकच ठराव जाऊन भिडला होता.

४ ऑगस्टला कौन्सिलने तो संमत केला. त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना बोल्यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू नये. ठराव झाला, एवढेच त्या दिवसाचे काम. पुढील काम निराळ्या लोकांचे होते.

शब्द वरून खाली येतात

३८ दिवसांनी, म्हणजे ११ सप्टेंबर १९२३ रोजी, मुंबई सरकारने या ठरावास अनुसरून आपली आज्ञा प्रसिद्ध केली. ती वाचताना तिच्यातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे, अशी आमची वाचकांस सूचना आहे. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागा व संस्था यांपुरता ठराव अमलात आणावा, असा खातेप्रमुखांस सरळ हुकूम होता. परंतु नगरपालिका, लोकल बोर्डे यांच्या बाबतीत भाषा पालटली. कलेक्टरांनी आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांना, या ठरावातील शिफारस स्वीकारणे कितपत इष्ट आहे याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, असे त्यात म्हटले होते.

विहिरी व तळी बहुतांशी होती ती या स्थानिक संस्थांच्याच ताब्यात. म्हणजे ठरावाचा प्राण जेथे होता, तेथेच हुकुमाची धार बोथट झाली. कौन्सिलने सरकारास शिफारस केली. सरकारने कलेक्टरास सल्ला देण्यास सांगितले. कलेक्टरने नगरपालिकेस विचार करण्यास सांगितले. दर पायरीवर शब्द थोडा थोडा नरम होत गेला. पाणी उंचावरून खाली येते तेव्हा त्याचा वेग वाढतो. सरकारी कागदाचे उलटे असते.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडच्या नगरपालिकेकडेही हा कागद आला. तिने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला की अस्पृश्यांनी तळ्याचा उपयोग करण्यास नगरपालिकेची हरकत नाही. हे चवदार तळे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांना ते मोकळे होते. गुरेढोरेही तेथे पाणी पीत. न्याय्य बाजूने पाहता अनेक नगरपालिकांनी एवढेही केले नाही. महाडने केले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु 'हरकत नाही' हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. या, पाणी घ्या, कोणी आडवा आला तर आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू, असे त्यात नाही. दार लोटून ठेविले आहे, आणि दारातील माणसे जेथली तेथेच आहेत.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. तीन वर्षे लोटली तरी कोणी त्या तळ्यास हात लावला नाही. १९२६ च्या ऑगस्टात बोल्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने आर्थिक मदत देऊ नये, अशी त्यात मागणी होती. पहिल्या ठरावातील उणीव काय होती, हे त्याच्या कर्त्यानेच येथे ओळखले. शिफारशीच्या पाठीशी थैलीची दोरी असल्यावाचून ती चालत नाही, हा त्याचा अर्थ.

महाडचे पाणी

१९२७ च्या आरंभी डॉ. आंबेडकर स्वतः सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले. त्याच वर्षी १९ व २० मार्च रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, रामचंद्र बाबाजी मोरे यांसारखी मंडळी या उद्योगात होती; हे कार्य एकाच ज्ञातीच्या लोकांचे नव्हते, याची आठवण ठेवावी. रविवार, ता. २० मार्चला परिषदेस जमलेले लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्याले. कौन्सिलात ठराव झाल्याला त्या दिवशी साडेतीन वर्षे उलटून गेली होती. ठरावातील शब्द पाण्याला प्रथम शिवले ते त्या दिवशी.

पुढील हकीकत दुःखद आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई गावात उठली, आणि परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींवर काठ्यांनी हल्ले झाले. नंतर १०८ घागरी पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. आणि मग ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारखेकडे वाचकांचे लक्ष गेलेच असेल. कौन्सिलने ठराव केला त्या दिवसास त्याच तारखेला बरोबर चार वर्षे पुरी झाली होती. हा योगायोगच असेल; पण ठरावाने दिलेले ठरावाने काढून घेता येते, हा धडा त्याहून स्पष्टपणे कोणी शिकविला नसता.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा तळे हे खाजगी आहे असा दावा लावून विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम मिळविला होता. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तथापि कोर्टाच्या हुकुमाचा मान राखून पाणी घेण्याचे तहकूब करण्यात आले, आणि तळ्याभोवतून मिरवणूक तेवढी गेली. ज्यांना कायद्याने अद्याप काहीच दिले नव्हते, त्यांनी कायद्याचा असा मान राखला.

दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो अस्पृश्य पक्षाच्या बाजूने निकालात काढला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे निकालाचे मुख्य कारण होते. बोले ठरावाचा आधार तेथे निर्णायक ठरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग ठरावाचा उपयोग काय झाला? आमच्या मते उपयोग असा, की त्याने एका समाजाच्या मागणीस सरकारी कागदावर न्याय्य म्हणून नाव दिले. महाडला जाणारे लोक कोणाचे काही हिसकावून घेण्यास निघाले नव्हते. कौन्सिलने मान्य केलेले, सरकारने प्रसिद्ध केलेले आणि नगरपालिकेने कबूल केलेले घेण्यास ते निघाले होते. हा फरक लहान नव्हे.

पुढे काळ पालटला. १९४६ साली मुंबई प्रांताने हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करणारा कायदा केला. आता मोडणारास शिक्षा आली. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, आणि १५ व्या कलमाने पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास धर्म, जात इत्यादी कारणांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही असे ठरले. बोले ठराव आणि हे कलम शेजारी ठेवून पाहावे. सार्वजनिक पैशाची तीच कसोटी, विहिरींचा तोच उल्लेख. शिफारस मात्र गेली, आणि तिच्या जागी मूलभूत हक्क आला. १९५५ साली अस्पृश्यतेचा अपराध ठरविणारा कायदा झाला. १९७६ साली त्यास नागरी हक्क संरक्षणाचा कायदा असे नाव मिळाले. १९२३ च्या एका शनिवारी निघालेला शब्द असा २७ वर्षांनी घटनेच्या घरात येऊन बसला.

आपली विहीर

येथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु हिशेबाचे वचन आम्ही आरंभी दिले आहे.

आमच्या लहानपणी कोकणातील आमच्या वाडीत एक बांधीव विहीर होती. ती सरकारी मदतीने दुरुस्त झाली होती, आणि घटना अमलात येऊनही बरीच वर्षे झाली होती. तिच्या काठापासून दहा हातांवर गावकुसाबाहेरील वस्तीतील बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत. आमच्या घरच्या बाया पोहऱ्याने पाणी शेंदीत आणि आपले भरून झाल्यावर त्यांच्या घागरींत वरून ओतीत. कोणी कोणास शिवी दिलेली आम्ही ऐकली नाही. उलट, आपली माणसे किती दयाळू, असेच आम्हांस त्या वयात वाटे. थोरांना विचारले असता ते म्हणत, "त्यांनी यावे की काठावर, आमची काही हरकत नाही."

महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आम्ही पुढे मोठेपणी वाचला, तेव्हा तेच दोन शब्द समोर आले, आणि आमच्या वाडीतील ती विहीर डोळ्यांपुढे उभी राहिली. आमच्या वाडीचाही तोच ठराव होता. तो कागदावर लिहिलेला नव्हता एवढेच. आणि ती वाडी दुसऱ्या कोणा ज्ञातीची नव्हती. ज्यांच्या भिंतीवर रावबहादुर बोल्यांचे नाव अभिमानाने घेतले जाई, त्याच घरांची ती होती. काठावर या म्हणून हाक मारणारा एकही माणूस आमच्यात निघाला नाही. आम्हीही निघालो नाही.

आज ती विहीर कोणी वापरीत नाही. घरोघर नळ आले आहेत. म्हणून प्रश्न संपला असे समजू नये. विहिरीची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. ज्ञातीचे सभागृह लग्नकार्यास कोणाकोणास भाड्याने दिले जाते, भाड्याची खोली देताना आपण आडनाव विचारतो की नाही, शिष्यवृत्ती निधीतून ज्ञातीबाहेरील एखाद्या गरजू मुलास कधी काही मिळते काय, गावच्या स्मशानात जागा एक आहे की दोन, हे प्रश्न आपल्याच दारातले आहेत. त्यांवर सरकारचा कायदा काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही. जेथे चालत नाही, तेथे आपल्याच मनाचा ठराव लागतो.

मुंबईत प्रभादेवीस सिद्धिविनायकाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यास बोल्यांचे नाव दिलेले आहे. दररोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात. आडनावाची चौकशी न होता सर्व जण एका रांगेत उभे राहतात, ही गोष्ट त्यांना इतकी साहजिक वाटते की पाटीवरील नाव वाचण्याचे कोणास सुचत नाही. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही. नाव विसरले गेले आणि काम अंगवळणी पडले, तर सुधारकास याहून दुसरे काय हवे असते? जेथे काम अंगवळणी पडलेले नाही, तेथे मात्र नाव आठवावे लागते.

म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. ज्ञातिसभेने प्रतिवर्षी ४ ऑगस्टला हार आणि भाषणे थोडी आवरून रावबहादुरांचा तो थोडक्या शब्दांचा ठराव सभेत वाचून दाखवावा. नंतर कार्यकारी मंडळाने एकाच प्रश्नाचे उत्तर सभेपुढे ठेवावे : गेल्या वर्षभरात आपल्या कोणत्या दारावर 'हरकत नाही' असे म्हणून आपण गप्प बसलो, आणि कोणत्या दारात उभे राहून 'या' म्हणून हाक मारली? पहिल्या वर्षी उत्तर देताना कदाचित संकोच होईल. संकोच झाला तरी उत्तर द्यावे, आणि ते पुढील वर्षीच्या याच अंकात छापावे, एवढेच आमचे ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनयपूर्वक सांगणे आहे.